इद्दतीतली मोटार

बसा पावणं. तिथं नगं, तिथं म्हस शेपूट मारती. हिकडं पायरीवर बसा. सुगराबद्दल इचाराय आलाय न्हवं? मग मलाच इचारा. गल्लीत दुसऱ्या कुणाला इचारशीला तर कायबाय सांगत्याल. कोण म्हणंल ती जादूटोणा करायची, कोण म्हणंल तिच्या हातात जिन हुता. मुडदा बशिवला त्यांचा! एकानं बी तिचं तोंड बघितलं न्हाय, आन् गप्पा ह्या. मी अंबूबाई, केरबा गवळ्याची बायकू, चाळीस वरसं तिची शेजारीण. आमच्या दोघींच्या परड्यात एकच भिंत, आन् त्या भिंतीला माणूस वाकून जाईल एवढं खिंडार. त्यातनं मी दिवसातनं दहा येळा जायचो.

आन् आदीच सांगून ठेवतो. पुण्याची एक पावणी मला म्हणली, आजी, तुमी बाईमाणूस आन् गड्यागत 'आलो-गेलो' काय म्हणता? आमच्यात बायका असंच बोलत्यात. तुमाला रुचत नसंल तर कानात बोळं घाला आन् चहा पिऊन जावा.

तर सुगरा. पुढं तीस वरसं ह्या कोल्हापुरातल्या कितीतरी मोटारींची पोटं तिनं शिवली. डायव्हर लोक इंजान दारात आणून ठेवायचं, आन् आतनं एक हात भायेर यायचा. काळं कुट्ट तेल नखात, बोटं लांबसडक. तो हात इंजनावर फिरायचा, मग आतनं आवाज यायचा, 'चार दिसांनी या.' तिचं तोंड कुणी बघितलं न्हाय, पर तिचा हात समद्यास्नी ओळखीचा. पर तिनं पयलं इंजान कसं जोडलं ते मी सोडून कुणाला म्हाईत न्हाय. मी बी आजवर बोललो न्हाय, कारण त्यात माझी चूक हाय.

तवा शाहू महाराजांचं राज्य. मोटारी गावात बोटावर मोजण्याएवढ्या. सुगरा पन्हाळ्याची, शिकलगाराची लेक. तिचा बा तलवारी-कट्यारींना धार लावायचा, आन् ही पोर त्याच्याजवळ बसून चाक ओढायची. लगीन करून आली ती निसार मिस्त्रीच्या घरात. निसारभाऊ आदी रेल्वेत फिटर हुता, मग एका जहागीरदारानं आपली मोटार सांभाळायला त्याला ठेवून घेतला. बावड्याच्या रस्त्याला ते घर, मागं पत्र्याची पडवी, भवतीनं गडगा. घर जहागीरदाराचं. मोटार सांभाळणारानं त्यात ऱ्हायाचं. घरात माणसं तीन: निसारभाऊ, सुगरा, आन् निसारभाऊची आई चाँदबी. मी तिला आत्ती म्हणायचो. आत्ती डोळ्यांनी अधू, पर कान असं तिखट की माझ्या परड्यात कोंबडी अंडं घालाय बसली तर तिला कळायचं.

त्या साली भादव्यात मोटार धूर वकाय लागली. चढाला दम टाकायची. निसारभाऊनं ती पडवीत आणून उभी केली आन् इंजनाचं पोट उघडलं. मला त्यातलं काय कळत न्हवतं. सुगरानं मला समजून सांगितलं, शेणी थापता थापता. म्हणली, वैनी, ह्याच्या पोटात मधी एक मोठा दांडा हाय, त्यो चाकं फिरवतोय. त्याच्या दोन्ही कडंला दोन लांब दांडं, त्यास्नी क्यामशाप म्हणत्यात. क्यामशापाच्या अंगावर टेंगळं असत्यात. दांडा फिरला की टेंगूळ वर येतंय आन् झडप उघडती. उजवीकडच्या झडपा दम आत घेत्यात, डावीकडच्या भायेर सोडत्यात. तिन्ही दांड्यांच्या तोंडाला दात्यांची चाकं. कुठला दाता कुठल्या खाचंत बसवायचा, एवढं चुकलं की समदं चुकलं. मग दम कोंडायच्या टायमाला तोंड उघडं ऱ्हातंय आन् घेतलेला दम उलटा भायेर येतोय.

त्या चाकांवरच्या कंपनीच्या खुणा झिजून गेल्या हुत्या. म्हणून निसारभाऊनं दांडं काढायच्या आदी दात्यांवर तेलात कालवलेल्या शेंदराचं ठिपकं दिलं. ठिपक्याला ठिपका लागला की झालं. मग समदे भाग धुऊन, पुसून त्यानं पांढऱ्या फडक्यावर मांडून ठेवलं.

आन् मग मानमोडीची साथ आली. पावणं, तुमी बघितलं न्हाय म्हणून बरं. सकाळी ताप, तिसऱ्या दिशी खांद्यावर. रस्त्यानं एक मयत गेलं की मागनं दुसरं. रडाय बी कुणाला सवड न्हवती. निसारभाऊला ताप भरला, आत्तीला भरला. खोकला असा की भिंतीपलीकडं माझ्या चुलीवरचं भांडं हादरल्यागत वाटायचं. आदी एक लांब दम ओढायचा, घशात घरघर, आन् मग 'खॅक' करून तुटायचा. त्यो आवाज मी मरोस्तवर इसरणार न्हाय.

खंडेनवमी आली. दर साली मी केरबाच्या कोयत्या-कुऱ्हाडीची पूजा केली की तेच ताट घेऊन निसारभाऊकडं जायचो, त्याच्या पान्या-हातोड्यांना बोट लावायचो. त्याला बी बरं वाटायचं. म्हणायचा, वैनी, तुमच्या हाताचं लागल्याबगार हत्यार चालत न्हाय. त्या साली बी गेलो. त्यो पडवीत बाजेवर पडलेला, डोळं लाल. मी फडक्यावर मांडलेल्या एकेका वस्तूला बोट लावत गेलो. त्या साली कुकू सपलं हुतं म्हणून मारुतीचा शेंदूर नेलता, तेलात कालवून. चाकाला लावला, दांड्याला लावला. निसारभाऊनं हात वर केला, काईतरी म्हणाय गेला आन् खोकल्याची उबळ आली. मला वाटलं परसाद मागतोय. मी त्याच्या हातात खोबऱ्याचा तुकडा ठेवला आन् आलो.

दुसऱ्या दिशी दसरा. दुपारी निसारभाऊ गेला.

आत्तीला तवा तापात शुद्ध न्हवती. मयत कवा उचललं, कवा पुरलं, तिला कायबी कळलं न्हाय. आठ दिसांनी उठून बसली. सुगरानं तिला हात धरून सांगितलं, अम्मा, तुमचा मुलगा गेला. आत्तीनं नुसती मान हलवली. रडली न्हाय. एक टिपूस न्हाय. मला तवाच भ्या वाटलं.

आता इद्दत म्हंजे काय ते सांगतो. त्यांच्यात नवरा गेला की चार महिने धा दिस बाईनं घराभायेर पडायचं न्हाय, परक्या गड्यासमोर यायचं न्हाय. पडवी घराच्या गडग्याच्या आत. म्हणजे मोटार बी इद्दतीत बसली म्हणा की! जहागीरदाराचा कारभारी जोतीराम आला. दारातनं वरडाय लागला, मोटार न्ह्याची हाय, माणसं आत सोडा. मी दारात आडवा आलो. म्हणलं, पावणं, बाई इद्दतीत हाय, एक पाऊल आत टाकलंसा तर ह्या शेणाच्या हातानं थोबाडीत दीन. गडी मागं सरला. पर जाता जाता बोलून गेला. माघात इद्दत सपती, त्या दिशी येतो. मोटार सुरू असली तर ठीक. नसली तर ती बैलगाडीला बांधून बेळगावला न्हेणार, आन् बेळगावचा मिस्त्री ह्या घरात ऱ्हायाला येणार. वर आन् म्हणतोय, निसारनं मोटार मोडून ठेवली आन् मेला.

सुगरा दाराआड उभी हुती. पन्हाळ्यावर तिचं कोण उरलं न्हवतं, मानमोडीनं तिथलं घर बी धुतलं हुतं. आंधळ्या सासूला घिऊन जायचं कुठं? मला म्हणली, "वैनी, मीच बंद करतो ह्येचं पोट. त्यास्नी मोडक्या मोटारीचं नाव लागू देणार न्हाय. जड दांडं उचलून धराय तेवढा हात लावा."

निसारभाऊचं चाळिसावं झालं आन् तिनं ते भागांचं फडकं म्होरं घेतलं. आदी तिनं झडपा घासल्या. त्यो तिचा बापाघरचा धंदा. एकेक झडप तिच्या जागी बसवून, कुरुंदाची, धारंच्या दगडाची, पूड तेलात घिऊन, आर्धा फेरा हिकडं, आर्धा तिकडं. सारी दुपार तो आवाज चालायचा. पंधरा दिस गेलं त्यात. मग क्यामशाप बसवायचा दिस आला. डावा सरळ आत गेला. उजवा मी उचलून धरला, तिनं टेंगळं भोकांतनं संभाळून सारली, आन् चाकावरचा लाल ठिपका मधल्या चाकाच्या ठिपक्याला लावला.

आन् तवा मला दिसलं. त्या उजव्या चाकावर ठिपकं दोन हुतं. दोन दात्यांच्या अंतरावर, दोन्ही लाल. एक गोल. दुसरा वर ओढलेला, कपाळाला लावतो तसा. वर ओढलेला माझा. सुगरानं तोच लावला हुता.

बोलायचं हुतं की मी! तिथंच बोलायचं हुतं. पर मी दांडा तसाच धरून ऱ्हायलो. मला वाटलं, ही म्हणंल, नवरा मरणाच्या दारात पडलेला आन् ह्या बाईनं येऊन त्याच्या कामात घाण केली. त्यानं हात वर केला तो मला थांबवायला केलता, हे मला त्या घडीला उमगलं. मी त्याच्या हातात खोबरं दिलं हुतं, पावणं. खोबरं!

सुगरानं पुढनं हांडेल घातलं आन् मला म्हणली, फिरवा. पेट्रोल न्हवतं, काय न्हवतं, नुसतं हातानं. मी फिरवलं. इंजनानं लांब दम ओढला. घशात घरघर. आन् हवा घ्यायच्या नळीतनं, आत जायाच्या ऐवजी उलटं भायेर, 'खॅक'.

माझ्या हातनं हांडेल सुटलं. सुगरा हुबीच्या हुबी. आन् घरातनं आवाज आला आत्तीचा, अगदी साधा, रोजच्यागत: "निसार? पानी दिऊ बेटा?"

आत्ती भिंतीला चाचपत पडवीत आली. हातात पितळी गिलास. इंजनाशेजारी जमिनीवर ठेवला आन् म्हणली, "सावकाश पी." आन् निघून गेली.

मी घरी पळालो ते दोन दिस तिकडं फिरकलोच न्हाय. केरबाला म्हणलं, मोटार निसारभाऊगत खोकती. तो म्हणला, तुझं डोसकं फिरलंय, म्हशीला पेंड घाल. गडी माणसं ती, त्यांचं काय सांगावं!

पर गेल्याबगार ऱ्हावंना. तिसऱ्या दिशी गेलो तर सुगरा तशीच कामाला लागलेली. रोज भर दुपारी, उन्हानं पत्रा तापून कडकड वाजाय लागला की ती म्हणायची, वैनी, जरा फिरवून बघू. आन् रोज तोच खोकला. आत्ती रोज गिलास आणून ठेवायची. सांच्याला मी बघायचो, गिलास रिकामा. चिमण्या पीत असत्याल, कोंबडी लवंडत असंल, मी मनाची समजूत घालायचो. पर जमीन वली कवा दिसली न्हाय.

एकदा मी पडवीत एकटाच हुतो. सुगरा आत नमाजाला बसलेली. हांडेल खाली ठेवून मी पदरानं वारा घेत हुतो. आन् इंजनाचं समोरचं दात्यांचं चाक हललं. कुणी हात लावलेला न्हाय, वारं न्हाय, आपसूक. एक दाता, दुसरा दाता, आन् थांबलं. कोणतरी झोपंत कूस बदलावी तसं. मी बोंबलत आत गेलो. सुगरा म्हणली, भिऊ नगा, झडपांच्या स्प्रिंगा टेंगळाला ढकलत्यात, दांडा जड बाजूकडनं हलक्या बाजूला सरतोय. असं हुतंय. म्हणलं, व्हय, हुत आसंल. पर बाई, तुझा आवाज का कापतोय मग?

आन् एक दिस तर असा आला की त्याची समजूत अजून मला पडली न्हाय. आम्ही दोघी तिच्या सैपाकघरात. तिचं हात पिठात, मी चुलीम्होरं. आत्ती आमच्यासमोर लसूण सोलत बसलेली. घरात चौथं माणूस न्हाय. आन् पडवीतनं आवाज आला. लांब दम. घरघर. खॅक. सुगराचं मळणं थांबलं. हात पिठात तसंच. आत्तीनं लसणाची पाकळी ताटात टाकली, गुडघ्यावर हात देऊन उठली आन् म्हणली, "आज लई तरास व्हाय लागलाय त्याला." आन् पान्याला गेली.

मला एकच कळत हुतं. निसारभाऊ माझ्यावर रागावलाय. मी त्याच्या खुणंवर खूण केली, त्याच्या पोटच्या पोरीसारख्या मोटारीचा घात केला, आन् आता गप बसलोय. तो मला हाका मारतोय. मी पिराला नारळ फोडला, मारुतीला तेल घातलं. दोघांनी बी काय केलं न्हाय. कबूल करायचं तेवढं सोडून मी समदं केलं.

माघ लागला. इद्दतीचं आठ दिस उरलं. जोतीराम परत दारात. म्हणला, बेळगावचा मिस्त्री निघालाय, भांडीकुंडी बांधून ठेवा. सुगरानं मला म्होरं करून त्याच्याकडनं पेट्रोलचा डबा मागून घेतला. म्हणली, आज सुरू करून बघू. अंगठा मुठीभायेर ठेवा वैनी, हांडेल उलटं फिरलं तर मनगट मोडंल.

मी सारा जोर लावून फिरवलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा इंजान खोकलं आन् त्या नळीच्या तोंडातनं हातभर जाळ भायेर आला. माझ्या पदराचं टोक जळालं. आन् आतनं आत्ती वरडली, "निसार!"

मी तिथंच रडाय लागलो. समदं सांगून टाकलं. खंडेनवमी, शेंदूर, हात वर केलेला, खोबरं, दोन ठिपकं. म्हणलं, "सुगरा, मला मार, पायतानानं मार. माझ्यामुळं हुतंय हे. तू माझा ठिपका धरून बसवलास. तुझं घर माझ्यामुळं हातातनं चाललंय गं!"

तिनं माझ्या पदराचं जळकं टोक पाण्यात बुडवलं, पिळलं. मग म्हणली, "मला म्हाईत हाय."

"काय म्हाईत हाय?"

"तुमचा ठिपका. पयल्या दिशीपास्नं. जायाच्या आदल्या रात्री त्येनीच सांगितलं हुतं. म्हणाले, अंबूवैनीनं चाकाला शेंदूर लावलाय, तो पुसून टाक, तिला सांगू नगं, तिला वाईट वाटंल. त्यांच्या ठिपक्याखाली कानशीचा ओरखडा हाय वैनी. नुसतं बोट फिरवलं तरी कळतंय."

मला आदी राग आला. खरं सांगतो, पावणं, लई राग आला. दोन महिने माझ्या काळजाचं पानी झालं, आन् हिला ठावं हुतं! म्हणलं, "मग बदललं का न्हाईस? येडी का खुळी तू? आठ दिसांनी आंधळ्या सासूला घिऊन रस्त्यावर बसणार हाईस का?"

ती म्हणली, "चुकून लावला हुता वैनी. पयल्यांदा. हात घाईत हुता. फिरवलं आन् त्यांचा आवाज आला. म्हणलं उद्या बदलू. दुसऱ्या दिशी अम्मा आपनहून जेवली. म्हणली, पोरगा आजारी हाय, मला ताकत पायजे. म्हणलं अम्मासाठी ऱ्हाऊ दे दोन दिस." मग ती मोटारीच्या चाकाला टेकून खाली बसली. "खोटं बोलतोय मी. अम्मासाठी न्हाय. माझ्यासाठी. बदललं तर खोकला थांबंल की."

माझा राग कुठं गेला कुणास ठावं. मला त्या बाईची इतकी माया आली की तिला पोटाशी धरलं. मग मी इचारलं, परवा आपण सैपाकघरात हुतो, तवा फिरवलं कुणी? तिनं माझ्या खांद्यावरनं पडवीकडं बघितलं. म्हणली, "मला म्हाईत न्हाय. मी इचारलं न्हाय."

सात दिस तिनं इंजनाला हात लावला न्हाय. मी रोज यायचो, बघायचो, भांडायचो. म्हणायचो, अगं, मेलेल्यानं खोकत ऱ्हावं म्हणून जित्यांनी भीक मागायची का? इद्दतीच्या शेवटच्या दिशी दुपारी मी गेलो तर तिनं म्होरलं झाकण काढलेलं. मला म्हणली, "वैनी, अम्माचा हात धरून बसा." मी पडवीच्या उंबऱ्याशी आत्तीला घिऊन बसलो.

सुगरानं उजवा दांडा हातभर मागं ओढला. चाक सुटं झालं. तिनं बोट फिरवलं, ओरखडा शोधला, चाक दोन दातं मागं घेतलं आन् परत आत सारलं. बस, एवढंच. एका भाकरीला लागतोय तेवढा येळ. मग तिनं स्वताच हांडेल घातलं आन् फिरवलं. इंजनानं दम घेतला. आत ठेवला. आन् दुसऱ्या बाजूनं सोडला, हुस्स करून, झोपलेल्या लेकरागत. घरघर न्हाय, खॅक न्हाय.

आत्तीनं माझ्या हातात बोटं रुतवली. कान देऊन ऐकत बसली. मग म्हणली, "आज खोकला न्हाय. बरं वाटलं वाटतं त्याला."

सुगरा मोटारीला कपाळ टेकून हुबी ऱ्हायली, आन् तिचं खांदं हलाय लागलं.

दुसऱ्या सकाळी इद्दत सपली. जोतीराम आला, बरुबर जहागीरदाराचा डायव्हर, मागं बैलगाडी बी आणलेली भाड्यानं, मोटार बांधून न्ह्यायला. मी दार उघडलं. म्हणलं, फिरवा हांडेल. डायव्हरनं एकदाच फिरवलं आन् इंजान सुरू झालं. कोंबड्या पळाल्या, पत्रा हादराय लागला. एका सुरात, कुठं अडखळणं न्हाय. डायव्हर कान लावून ऐकत बसला आन् म्हणला, मिस्त्री कोण? मी म्हणलं, निसार मिस्त्रीचं घर हाय हे, आणि कोण असणार? जोतीरामानं घसा साफ केला. म्हणला, घराचं ऱ्हाऊ द्या मग, सरकारांच्या कानावर घालतो, हितनं पुढं मोटार बिघडली तर हितंच यील. बैलगाडी रिकामी परत गेली. सुगरा दाराआड सासूचा हात धरून हुबी.

मोटार गडग्याच्या भायेर पडली. बावड्याच्या रस्त्याला लागली. आम्ही ऐकत हुतो. आवाज बारीक हुत गेला, एका लयीत, नीट. आन् वळणावर, त्या बाभळीपाशी, एकदा खोकली. लांब दम. घरघर. खॅक. एकदाच. दातं बरुबर हुतं पावणं, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं हुतं. मग आवाज गेला.

आत्तीनं इचारलं, "गेला?"

सुगरा म्हणली, "गेला, अम्मा."

तवा ती म्हातारी रडली. दसऱ्यापास्नं डोळ्यांतनं टिपूस न्हवता, आन् तिनं असा हंबरडा फोडला की रस्त्यावरची माणसं थांबली. सुगरा तिच्या गळ्यात पडून तशीच रडाय लागली, मोठ्यानं, कुणाची लाज न धरता. मी बाजूला हुबा हुतो, पर जवळ गेलो न्हाय. मयताच्या घरात त्या दिशी चूल पेटत न्हाय. मी खिंडारातनं घरी आलो आन् दोघींच्या भाकऱ्या थापाय बसलो.